दोन दशांश स्थळांनी मला सहा महिने फसवलं

निफाडहून सकाळच्या एसटीने नाशिकच्या सीबीएस स्टँडवर उतरून डिप्लोमाला जायचो तेव्हाची गोष्ट. पहिल्याच वर्षी पितळी दंडगोलाची घनता काढायचं प्रॅक्टिकल होतं. व्यास १.२४६ सेंमी, लांबी ३.०१८ सेंमी, वस्तुमान ३१.२७ ग्रॅम. माझी घनता आली ८.७१, शेजारच्या टेबलावर त्याच तुकड्याची ८.४९७. फाइलवर लाल शेरा पडला, ‘माप चुकले’. मी पुन्हा व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचा कॅलिपर) लावला. वाचन तेच, उत्तर तेच. रडकुंडीला आलो होतो.

माप बरोबरच होतं, चूक आकडेमोडीत होती. दहावीपर्यंत ‘उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत’ हे इतकं अंगवळणी पडलेलं की मी प्रत्येक पायरीला दोनच स्थळं ठेवत गेलो. त्रिज्या ०.६२३, मी लिहिली ०.६२. तिचा वर्ग ०.३८. गुणिले ३.१४, म्हणजे १.१९. त्याला लांबी ३.०२ ने गुणून घनफळ ३.५९. प्रत्येक ओळ वेगळी तपासा, तुम्हाला एकही चूक सापडणार नाही. तरी शेवटी अडीच टक्क्यांचा फरक पडला.

आता नीट बघा. ०.६२ मध्ये दशांश स्थळं दोन, आणि सार्थ अंकही (म्हणजे मापाबद्दल खरी माहिती देणारे अंक) दोनच. व्हर्नियरने मला चार सार्थ अंक दिले होते, त्यातले दोन मी पहिल्याच दोन ओळींत फेकून दिले. संख्या एकापेक्षा लहान असली की दशांश स्थळं मोजून भागत नाही, सार्थ अंकच मोजावे लागतात. ०.००४७ मध्येही सार्थ अंक दोनच. सुरुवातीची शून्यं फक्त जागा दाखवतात.

म्हणून मधल्या पायऱ्यांत राउंड ऑफ करू नका. अजिबात नाही. कॅल्क्युलेटरचं ‘आन्सर’ बटण त्यासाठीच असतं. हाताने करत असाल तर निदान एक-दोन अंक जास्त ठेवा आणि शेवटी एकदाच छाटा. टप्प्याटप्प्यानेही नाही: २.४४९६ चं आधी २.४५ केलं की मग २.५ होतं, सरळ एका स्थळापर्यंत आणलं तर २.४. व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने १९८२ मध्ये १००० वर सुरू केलेला निर्देशांक प्रत्येक व्यवहारानंतर तिसऱ्या दशांशापुढचं कापून टाकत असे. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास घसरला. दुरुस्त केल्यावर १०९८ च्या वर निघाला. तिथे तर फक्त तिसऱ्या दशांशापुढचंच जात होतं!

बाकीचे नियम तुम्हाला येतातच. गुणाकार-भागाकारात उत्तराला मापांतले सर्वात कमी सार्थ अंक, बेरीज-वजाबाकीत सर्वात कमी दशांश स्थळं ठेवायची. व्यासाला ज्या २ ने भागतो तो मोजलेला नाही, त्यामुळे तो उत्तरातले सार्थ अंक कमी करत नाही. शेवटी नेमके ५ आले तर भारतीय मानक आयएस २ सम अंकाकडे जायला सांगतं: ४.६५ चे ४.६, ४.७५ चे ४.८. शाळेत ‘पाच आले की वाढव’ शिकलो, म्हणून इथे गोंधळ होणारच. होऊ द्या, आठवड्यात सवय होते.

कॉलेज रोडच्या क्लासमध्ये मलाही ‘पाय (π) म्हणजे तीन, पर्याय बघून टिक’ शिकवलं होतं. बहुपर्यायी परीक्षेत ते चालतं, पण प्रयोगशाळेत त्याने हात बिघडतो. माझी चूक शेवटी लॅबमधल्या सहायक काकांनी दाखवली. फाइल घेतली, ०.६२ वर बोट ठेवलं आणि म्हणाले, “बाळा, इथला तीन कुठं गेला?” कोणी असं ओळीओळीने बघणारं भेटलं तर त्यांना सोडू नका.

आज अंबडला एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात रोज मायक्रोमीटर हातात असतो. नवीन मुलं शाफ्टचा व्यास २५ लिहितात, मी २५.०० लिहून घेतो. त्या दोन शून्यांमुळेच कळतं की मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत खरंच मोजलंय.