ब्रेस्ट पंप: हाताचा की इलेक्ट्रिक?

दूध दिवसातून किती वेळा काढावं लागणार, यावर पंप ठरवा. कधीतरी दोन तास बाहेर जायचंय किंवा छाती दाटून दगडासारखी झालीय, एवढ्यासाठी हाताचा पंप पुरतो. आवाज नाही, चार्जिंग नाही. पण तोच रोज तीन-चार वेळा चालवला की अंगठा आणि मनगट बोलायला लागतं. कामावर परतणार असाल किंवा बाळ अजून नीट ओढत नसेल, तर दोन्ही बाजूंना एकदम लागणारा इलेक्ट्रिक घ्या. साधारण १५-२० मिनिटांत काम होतं. आधी हलका, भरभर मोड; पान्हा फुटला की सावकाश आणि खोल. जोर वाढवून दूध वाढत नाही, दुखलं तर पान्हा उलट अडतो. इलेक्ट्रिकमध्ये क्लोज्ड सिस्टीमच बघा, म्हणजे दूध आणि मोटारीकडे जाणारी नळी यांच्यामध्ये पडदा असलेला पंप, नाहीतर दूध नळीत शिरतं आणि तिथे बुरशी धरते.

खरी गोम मात्र फनेलच्या, म्हणजे स्तनावर लावायच्या नरसाळ्याच्या, मापात आहे. स्तनाग्राच्या बुडाचा व्यास मोजा, भोवतीचा काळा भाग सोडून, आणि त्याहून २-३ मिमी मोठं फनेल लावून पाहा. खोक्यात येणारं २४ मिमीचं अनेकींना मोठं होतं. मग काळा भागही आत ओढला जातो आणि सूज येते.

पंप अचानक ओढेनासा झाला तर मोटारीला दोष देण्याआधी सिलिकॉनची छोटी झडप काढून उजेडात धरा. टोकाची चीर मिटत नसेल तर ती बदला. धुताना तिच्यात ब्रश खुपसू नका, त्यानेच ती फाकते.