सहावी ते आठवीच्या पालकांपर्यंत शाळेची माहिती पोचवताना

अनेक वाड्या-वस्त्यांवर जिल्हा परिषदेची शाळा चौथी-पाचवीशी थांबते. पुढे मूल शेजारच्या मोठ्या गावातल्या किंवा तालुक्याच्या शाळेत जाऊ लागते आणि त्याच सुमारास घर व शाळा यांच्यातला रोजचा संबंध तुटतो. गावातल्या शाळेत गुरुजींना मुलाची आई वाटेत भेटत असे, निरोप तोंडी जात असे. नव्या शाळेत एका बाईंच्या जागी सहा-सात विषयशिक्षक येतात, पाचवीतल्या परिसर अभ्यासाच्या जागी सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल असे स्वतंत्र विषय सुरू होतात, मूल एकटे एसटीने ये-जा करू लागते आणि घरचे ‘आता मोठा झाला, त्याचे तो बघेल’ असे म्हणू लागतात. अकरा ते चौदा वर्षांचे मूल घरी फारसे काही सांगत नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. म्हणून या तीन वर्गांच्या पालकांना शाळेने स्वतःहून, वेळेवर आणि समजेल अशा शब्दांत माहिती द्यायला हवी. मी अनेक वर्षे या वर्गांची वर्गशिक्षिका आहे. पुढे लिहिलेली पद्धत माझ्या हातून झालेल्या चुकांतून हळूहळू बसली आहे.

काम जूनमध्ये सुरू करू नये, १ मे रोजी सुरू करावे. महाराष्ट्र दिनी निकाल घ्यायला जितके पालक शाळेत येतात तितके एरवी क्वचितच येतात. प्रगतिपत्रक हाती देताना प्रत्येकाकडून चार गोष्टी विचारून वहीत टिपून घ्याव्यात: नोंदवलेला मोबाइल नक्की कोणाजवळ असतो, तो माणूस दिवसा कोठे असतो, घरात मराठी वाचणारे कोण आहे आणि तातडीच्या वेळी शेजारपाजारच्या कोणाला फोन केला तर चालेल. नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना हेच प्रश्न प्रवेशाच्या वेळी विचारावेत. हजेरीपत्रकात वडिलांचा क्रमांक असतो, पण तेवढ्यावर विसंबून राहता येत नाही. एका वर्षी पावसामुळे शाळा दुपारी सोडावी लागली आणि मी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तसा संदेश टाकून निश्चिंत झाले. सहावीतली एक मुलगी त्या दिवशी एसटी स्टँडच्या बाकावर तीन तास भिजलेल्या दप्तरासह बसून होती, कारण तिच्या गावची गाडी साडेपाचची होती. तिच्या वडिलांचा फोन त्यांच्याबरोबर पुण्याजवळच्या कारखान्यात होता आणि त्यांनी संदेश रात्री पाळी संपल्यावर वाचला. आई शेजारच्याच शिवारात खुरपणीला होती. तिच्याजवळ साधा फोन होता, पण तो क्रमांक मी कधी मागितलाच नव्हता. तेव्हापासून माझ्या वहीत आईच्या क्रमांकाचा रकाना पहिला असतो आणि बाहेरगावच्या मुलांच्या नावापुढे परतीच्या गाडीची वेळ लिहिलेली असते.

दुसरी गोष्ट सूचनेच्या भाषेची. आपल्याला कार्यालयीन मराठीची इतकी सवय असते की पालकांना लिहितानाही तीच लेखणीतून उतरते. ‘उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधित पालकांना कळविण्यात येते की, विद्यार्थ्यांच्या आधार पडताळणीच्या अनुषंगाने आवश्यक ती कागदपत्रे विहित मुदतीत सादर करण्यात यावीत’ असे वाक्य केंद्रप्रमुखांना कळते. मजुरीहून दमून आलेल्या माणसाला त्यात कोणता कागद, कधी आणि कोणाला द्यायचा यांपैकी काहीच सापडत नाही. हाच मजकूर मी आता असा लिहिते: ‘सहावी ब च्या पालकांना नमस्कार. सोमवारी, २९ जूनला, मुलाच्या आधार कार्डाची एक झेरॉक्स मुलाजवळ पाठवा. आधारवरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव वेगळे असेल तर झेरॉक्सच्या मागे फक्त “नाव वेगळे आहे” असे लिहा, पुढे काय करायचे ते आम्ही सांगू. मूळ कार्ड पाठवू नका. अडचण असेल तर संध्याकाळी सहा ते सात या वेळेत मला फोन करा.’ एका सूचनेत एकच काम, वार आणि तारीख दोन्ही, काय पाठवू नये तेही, आणि विचारायला माणूस व वेळ, एवढे पाळले तर विचारणा निम्म्याने कमी होते असा माझा अनुभव आहे. सूचना लिहून झाल्यावर ती एखाद्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. मूल जेथे अडखळते तेथे पालकही अडखळणार, आणि न वाचता येणाऱ्या घरात ती सूचना वाचून दाखवणारे तेच मूल असते.

शाळा १५ जूनच्या सुमारास, विदर्भात उन्हामुळे काही दिवस उशिरा उघडते. पहिल्या आठवड्यात प्रत्येक घरी एक छापील पान जावे, आणि ते खरोखरच एक पान असावे. त्यावर शाळेची वेळ, शनिवारची वेगळी वेळ, वर्गशिक्षक व विषयशिक्षकांची नावे, वर्षाच्या सुट्ट्या, घटक चाचण्या व सत्र परीक्षांचे महिने, शाळेचा फोन क्रमांक, आणि गैरहजेरी कळवण्याची पद्धत असावी. पाठ्यपुस्तके व गणवेश यांपैकी शाळेतून काय मिळणार आणि घरून काय घ्यावे लागणार हे स्पष्ट लिहावे, म्हणजे कोणी उसने पैसे काढून दुकानातून तेच पुन्हा विकत घेणार नाही. बसच्या पासाचाही उल्लेख हवा: पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मुलग्यांना मासिक पासात सवलत आहे, तरीही पहिल्या महिन्यात पूर्ण तिकीट काढून येणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पान भिंतीवर लावता यावे म्हणून वरच्या बाजूला छिद्र पाडून त्यात दोरा ओवून दिला तर ते कॅलेंडरशेजारी टिकते. हे काम मुले हौसेने करतात.

मूल्यमापनाची पद्धत मात्र त्या पानावर दोन ओळींत उरकू नये, कारण पालकांचा सर्वांत मोठा गोंधळ तेथेच असतो. सहावीत आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या कामाचे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी परीक्षेतून होणारे) मूल्यमापन यांचा भार निम्मा-निम्मा असतो. सातवीपासून आकारिकचा ४० टक्के आणि संकलितचा ६० टक्के होतो. याचा अर्थ पालकांना उदाहरणाने सांगावा लागतो: वर्गातले प्रयोग, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय यांनाही गुण आहेत, म्हणून ‘परीक्षेच्या दिवशी आला म्हणजे झाले’ हे खरे नाही. ‘आठवीपर्यंत कोणी नापास होत नाही’ ही समजूत अजून घट्ट आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीसाठी २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा सुरू केली आहे. त्यात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाची पुनर्परीक्षा घेतली जाते आणि त्यातही अनुत्तीर्ण झाल्यास त्याला त्याच वर्गात ठेवले जाते. आठवीच्या पालकांना हे एप्रिलमध्ये कळणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. जूनमध्ये सांगावे, आणि कोणत्याही मुलाला प्राथमिक, म्हणजे आठवीपर्यंतचे, शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही हेही त्याच दमात सांगावे, नाहीतर घाबरलेले पालक मुलीचे शिक्षण थांबवण्याचा विचार करू लागतात.

काही माहिती एक वर्ष आधी द्यावी लागते. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती, म्हणजे एनएमएमएस, हिची परीक्षा आठवीत होते आणि निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. शासकीय, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील, वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलांना ती देता येते. पण सातवीत किमान ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ५० टक्के, गुण असावे लागतात. म्हणून ही सूचना सातवीच्या पालकांना सातवीच्या जूनमध्ये जायला हवी. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळायला वेळ लागतो, हेही तेव्हाच सांगून ठेवावे.

आरोग्याच्या सूचनांविषयी मी जरा विस्ताराने लिहिते, कारण येथे न सांगितल्याची किंमत विश्वासाने मोजावी लागते. सहावीपासून मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल असते. उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, कोणाला उलटी होते, शौचाला काळसर होते. हे कशामुळे होते ते माहीत नसलेल्या घरात ‘शाळेत मुलींना कसली तरी गोळी दिली’ एवढीच बातमी पोचते आणि दुसऱ्या दिवशी दहा माणसे शाळेच्या दारात उभी राहतात. आमच्याकडे एकदा हे घडले; तीन मुलींनी सकाळी काही खाल्ले नव्हते आणि आम्ही परिपाठानंतर लगेच गोळ्या वाटल्या होत्या. चूक आमची होती. आता गोळी पोषण आहारानंतरच दिली जाते, आणि पहिल्या वाटपाच्या आठ दिवस आधी घरी चिठ्ठी जाते: गोळी कशासाठी, कोणत्या वारी, जेवणानंतरच, काय त्रास होऊ शकतो, आणि मूल आजारी असेल किंवा दुसरे औषध चालू असेल तर आधी कळवा. पालक-सभेत आरोग्य केंद्रातल्या ताईंना बोलावून त्यांच्या तोंडून हे सांगितले, तर चिठ्ठीपेक्षा अधिक परिणाम होतो. जंतनाशक गोळीच्या दिवसाबाबतही हेच करावे. पाळीविषयी मुलींच्या आयांशी वेगळी बैठक घ्यावी; शाळेत पॅड कोणाकडे मागायचे त्या बाईंचे नाव आईला आणि मुलीला दोघींनाही माहीत असावे.

पहिली पालक-सभा कधी घ्यावी यावर शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी चर्चा होते. जूनच्या उत्तरार्धात पाऊस झाला की पेरणी सुरू होते आणि त्या दिवसांत अकरा वाजता बोलावलेल्या सभेला कोणी येत नाही. त्यातच आषाढीची वारी असते. ‘पालक उदासीन आहेत’ असे इतिवृत्तात लिहिण्यापूर्वी आपण वेळ कोणती निवडली हे पाहावे. आम्ही आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी सभा घेतो, कारण आसपासच्या गावांतले पालक त्या दिवशी तालुक्याला आलेलेच असतात. शहरात रविवारची सकाळ सोयीची पडते. सभा तासाभरात संपावी, भाषणे नसावीत आणि प्रत्येक पालकाला आपल्या मुलाबद्दल वर्गशिक्षकाशी दोन मिनिटे बोलायला मिळावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असणे कायद्याने आवश्यक आहे. त्या सदस्यांची नावे व गावे सभेत सांगावीत. सर्वांनाच बाईंशी किंवा सरांशी थेट बोलता येत नाही. आपल्या गल्लीतल्या सदस्याशी मात्र माणूस मोकळेपणाने बोलतो.

व्हॉट्सअ‍ॅप गट उपयोगी आहे, पण त्याचे नियम पहिल्याच दिवशी ठरवावेत. फक्त शिक्षकांना संदेश टाकता येईल अशी व्यवस्था ठेवावी, नाहीतर शुभ सकाळच्या चित्रांखाली परीक्षेचे वेळापत्रक गाडले जाते. गुण, थकलेली फी, गैरहजेरी किंवा वागणुकीची तक्रार गटावर कधीही टाकू नये आणि आधार कार्डाचे छायाचित्र कोणाकडूनही गटावर मागू नये. गटात प्रत्येक आईचा क्रमांक सर्वांना दिसतो, म्हणून तो घालण्यापूर्वी तिला विचारावे. वाचता न येणाऱ्यांसाठी त्याच मजकुराचा अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश जोडावा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशांची यादी वेगळी ठेवून त्यांना फोनच करावा. पन्नासच्या वर्गात हे काम पाऊण तासाचे असते.

माहिती पोचली की नाही हे तपासायला सही मागतात, पण सातवीतल्या मुलाला वडिलांची सही येते. मी चिठ्ठीच्या तळाशी सहीबरोबर एक प्रश्न घालते, ज्याचे उत्तर मोठ्या माणसालाच द्यावे लागेल: ‘शाळेतून उशीर झाला तर मुलाला न्यायला कोण येईल?’ किंवा ‘यंदा तुम्हाला कोणत्या विषयाची काळजी वाटते?’ या उत्तरांतून मला मुलांबद्दल जे कळले ते वर्गात वर्षभर कळले नसते. चौथ्या दिवसापर्यंत चिठ्ठी परत आली नाही की मी फोन करते.

सुरक्षिततेची माहिती देताना संकोच करू नये. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना कायद्याने बंदी आहे, शाळेत तक्रारपेटी कोठे आहे आणि ती कोण उघडते, मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीत कोण आहेत, आणि मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मोफत आहे, हे सर्व शाळेनेच सांगावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार जूनमध्येच करावा लागतो, कारण दसरा-दिवाळीनंतर ती घरे रिकामी होतात. मूल मागे आजीजवळ राहणार की बरोबर जाणार, हे त्यांना लवकर विचारावे. मागे राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची माहिती द्यावी आणि आजीचा किंवा चुलत्याचा क्रमांक वहीत लिहावा. बरोबर जाणार असेल तर शिक्षण हमी पत्रकाबद्दल सांगावे, ज्याच्या आधारे कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत त्याला बसता येते. टोळी निघण्याच्या आठवड्यात ते पत्रक तयार करून पालकांच्या हाती द्यावे, त्यावर आपला फोन क्रमांक ठळक लिहावा, आणि मुकादमाचाही क्रमांक घेऊन ठेवावा. कोयता हाती घेतल्यावर आई-वडिलांचे फोन दिवसेंदिवस लागत नाहीत, मुकादमाचा मात्र लागतो.