छोट्या शहरातल्या थाई-एशियन हॉटेलाचं परीक्षण कसं लिहावं

छोट्या शहरात थाई किंवा नुसती ‘एशियन’ अशी पाटी लावलेली हॉटेलं मोजकीच असतात. महानगरात एखाद्या कडवट परीक्षणानं कुणाचं फारसं बिघडत नाही. इथे मात्र मालक, आचारी आणि वाचक एकाच बाजारात भाजी घेतात, आणि तुमचं लिहिणं वर्षभर फिरत राहतं. म्हणून गुळमुळीत लिहायचं असं नव्हे, पण लिहायचं ते तपासून.

सुरुवातीलाच एक प्रश्न बाजूला ठेवा: ‘हे अस्सल थाई आहे का?’ ज्या पॅड थाईवरून सगळे अस्सलपणाचे वाद घालतात, ती चिनी पद्धतीनं परतलेल्या नूडल्सची डिश आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं थायलंडचे तेव्हाचे पंतप्रधान फिबुन सोंगख्राम यांच्या सरकारनं ती राष्ट्रीय पदार्थ म्हणून पुढे आणली. मिरची, शेंगदाणा आणि पपई तर मुळात अमेरिका खंडातून आलेली. शुद्धतेची फूटपट्टी इथे फार लवकर मोडते. त्यापेक्षा या स्वयंपाकघरानं मेनूकार्डावर जे कबूल केलंय ते मन लावून केलंय का, हे बघा. पुढची सगळी तपासणी त्यासाठीच.

आधी मेनूकार्ड वाचा

थाई, व्हिएतनामी, चिनी, जपानी असं सगळं एकाच कार्डावर दिसलं की नाक मुरडू नका. छोट्या शहरात एकाच देशाच्या पदार्थांवर रोज पुरेशी गिऱ्हाइकं मिळणं अवघड, म्हणून मालक जाळं मोठं टाकतो. शोधायचं ते हे, की त्यातला कोणता भाग आचाऱ्याच्या हातचा आहे. एखाद्या विभागात एकदम नेमके, कमी ओळखीचे पदार्थ दिसले, उदाहरणार्थ उत्तर थायलंडचं खाव सोय (नारळाच्या करीतल्या नूडल्स) किंवा ईशान्येकडच्या ईसान भागातला चिकट भात, तर तिथून सुरुवात करा. पॅड थाई, ग्रीन करी आणि टॉम यम हे आंबट-तिखट सूप जगात जवळपास सगळीकडे मिळतात. थायलंडच्या सरकारनं २००२ मध्ये परदेशात थाई हॉटेलं वाढवण्याची मोहीमच हाती घेतली होती. ‘थाई सिलेक्ट’ हे त्या सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाचं मानचिन्ह दारावर दिसलं तर जरूर नोंदवा, पण चव स्वतःच घ्या.

दोनदा जा, वेगवेगळ्या वेळी

एकदा सुट्टीच्या दिवशी गर्दीत, एकदा आठवड्याच्या मधल्या एखाद्या निवांत दुपारी. वोक म्हणजे खोलगट चिनी कढई; तिच्यातल्या पदार्थांना प्रचंड आच आणि थोडा माल लागतो. गर्दीत आचारी चार-पाच प्लेटा एकदम टाकतो, कढई थंडावते आणि नूडल्स परतल्या जाण्याऐवजी वाफेत शिजतात. दोन्ही वेळा चव तशीच राहिली तर ते हॉटेल खरंच चांगलं चाललंय. नव्यानं उघडलेल्या हॉटेलाला काही आठवडे द्या, माणसं अजून एकमेकांच्या हाताला रुळलेली नसतात.

कसोटीचे पदार्थ मागवा

पॅड थाई आली की आधी रंग बघा. चिंचेचा कोळ, फिश सॉस आणि ताडगूळ यांचा रंग तपकिरीकडे झुकणारा असतो. भडक लालसर-केशरी दिसली तर चिंचेच्या जागी केचप आलं असण्याची दाट शक्यता. काट्यानं एक घास उचला. नूडल्स सुट्या उचलल्या जातात की अख्खा गोळा वर येतो? या तांदळाच्या नूडल्स नुसत्या पाण्यात भिजवून कढईतच सॉस पीत शिजायला हव्यात. आधीच उकडून ठेवल्या की त्यांचा लगदा होतो. मोड आलेले मूग कुरकुरीत आहेत का, लिंबाची फोड ताजी आहे का, शेंगदाण्याच्या कुटाला खवट वास येतोय का? एवढ्या एका प्लेटीत स्वयंपाकघराची शिस्त कळते.

ग्रीन करीवर हिरवट तेलाचे थेंब तरंगताना दिसले की बरेच जण ‘तेलकट’ असा शेरा मारून मोकळे होतात. घाई करू नका. नारळाचं घट्ट दूध आटवून त्याला तेल सुटल्यावर त्यात वाटण परतायचं, ही जुनी रीत आहे, आणि ते थेंब तिचीच खूण असू शकतात. वाटण डब्यातलं असलं तरी ते मी एकदम गुन्हा धरत नाही. गलांगल (आल्यासारखं मूळ), मकरूत या सुवासिक थाई लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळं हे सगळं लहान गावात रोज ताजं मिळत नाही. पण डब्यातलं वाटण नुसतं नारळाच्या दुधात कालवून उकळलं असेल तर करी कच्चट आणि एकसुरी लागते. हा दोष आचाऱ्याचाच.

टॉम यमच्या वाडग्यात गवती चहाचे दांडे, गलांगलच्या चकत्या आणि मकरूत लिंबाची पानं असतात. ती वासासाठी असतात, चावायची नसतात. ‘सूपमध्ये काटक्या होत्या’ असं लिहिणाऱ्याचंच हसं होतं. २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत कोळंबीचं टॉम यम गेलं, तेव्हा एवढं तरी माहीत असावं. लिंबाचा रस शेवटी पडलेला असेल तर सूप तरतरीत लागतं, उकळला गेला असेल तर कडवट.

मेनूवर फो, म्हणजे व्हिएतनामी नूडल्सचं सूप, असेल तर लिंबू, पानं, सॉस काहीही घालण्याआधी नुसत्या रश्शाचे दोन घोट घ्या. हाडं, भाजलेला कांदा, आलं आणि चक्रीफूल तासन् तास उकळल्याची खोली त्यात असते किंवा नसते. टेबलावरचे सॉस ती आणू शकत नाहीत.

तिखटाचं काय

तिखटपणा सांगणारं एक ते पाच मिरच्यांचं प्रमाण प्रत्येक हॉटेलाचं आपापलं असतं. ‘फारच मिळमिळीत’ लिहिण्याआधी तुम्ही काय सांगितलं होतं ते लिहा. थाई टेबलावर साखर, मिरचीपूड, मिरच्या घातलेला व्हिनेगर आणि फिश सॉस ठेवायची पद्धत आहे. चव जुळवणं हा जेवणाचाच भाग. पहिला घास आहे तसा घ्या, मग जुळवा आणि दोन्हीबद्दल लिहा. थाई लोक भात सहसा चमच्यानं खातात, काटा ढकलायला. चॉपस्टिक मुख्यतः नूडल्सच्या सूपसाठी. तेव्हा ‘चॉपस्टिक दिल्या नाहीत’ ही तक्रार करू नका.

विचारा

वेटरला विचारायला सगळ्यात उपयोगी प्रश्न: ‘तुम्ही मंडळी स्वतः इथे काय खाता?’ कित्येकदा कार्डावर नसलेलं काहीतरी पुढे येतं. शाकाहारी वाचकांसाठी वेगळी विचारपूस करा. भाज्या आणि टोफू दिसला म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला असं नाही, फिश सॉस आणि कालवांचा ऑयस्टर सॉस सर्रास पडतात आणि करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते. उत्तर ठाम मिळालं, की ‘बघून सांगतो’ म्हणून आत गेलेला माणूस परतलाच नाही, हेही वाचकाच्या कामाचं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी तर जास्तच.

लिहायला बसताना

बिल स्वतः भरा. मालकानं ओळखून काही फुकट पाठवलंच, तर ते लपवू नका. छोट्या शहरात चेहरा ओळखला जातोच, त्यामुळे आपल्या टेबलापेक्षा शेजारच्या टेबलावर कशी वागणूक मिळतेय तिकडे लक्ष ठेवा. त्याच शहरातल्या तशाच साध्या हॉटेलांशी तुलना करा, परदेशवारीतल्या आठवणींशी नको.

‘चविष्ट’, ‘छान’, ‘ठीक’ हे शब्द खोडून बघा. मागे काही उरतं का? ‘करी पहिल्या घासाला गोड, मिरची उशिरा आली, वांगी मात्र कच्ची’ यातून वाचकाला निवड करता येते. आणि ‘इथे खाल्लं आणि पोट बिघडलं’ असं कधीही लिहू नका. अन्नातून झालेला त्रास काही तासांनीही उठतो आणि काही दिवसांनीही, तो नेमका कोणत्या जेवणाचा हे तुम्हाला ठरवता येत नाही. शंका खरी असेल तर अन्नसुरक्षा खात्याकडे तक्रार करा. डोळ्यांनी पाहिलेली अस्वच्छता मात्र बेधडक लिहा.

भेटीची तारीख, वेळ आणि मागवलेले पदार्थ वर टाका. अशा हॉटेलांत सगळं एका-दोन हातांवर चालतं. आचारी बदलल्याचं कळलं की जुन्या मजकुरावर तशी नोंद घाला, आणि परत जाऊन तेच पदार्थ पुन्हा मागवा.