'जाऊ नका' की 'जायला नको': इंग्रजीत मोडल, नॉट आणि क्रियाविशेषण कसे जुळवावेत

पावसाळ्यात सांगलीत आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी मोबाइलवर फिरत असते. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. सोसायटीत परप्रांतातले भाडेकरू असले की तीच सूचना कुणीतरी इंग्रजीत करून टाकतं आणि 'पुलावर जाऊ नका'चं होतं 'यू डोन्ट हॅव टू गो ऑन द ब्रिज'. वाचणाऱ्याला त्यातून कळतं की जायची सक्ती नाही, हौस असेल तर खुशाल जा. यात व्याकरणाची चूक एकही नाही. नकार तेवढा भलत्या शब्दावर पडलाय.

खालची उदाहरणं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. वहीत ती रोमन लिपीतच उतरवून घ्या.

पहिली पायरी: मराठी वाक्यातला नकार कशावर आहे ते ठरवा. मराठीत हे क्रियापदाच्या रूपावरूनच कळतं. 'जाऊ नये' म्हणजे मनाई. 'जायची गरज नाही' म्हणजे सक्ती उठली. 'जाता येत नाही' म्हणजे शक्य नाही. फसवतं ते 'नको'. 'उद्या येऊ नकोस' ही मनाई, पण 'उद्या यार्डात यायला नको, हळदीचे सौदे बंद आहेत' यात मनाई कसलीच नाही, फक्त हेलपाटा वाचवलाय. तिथे 'यू मस्ट नॉट कम' लिहिलंत तर समोरचा बिचकेल. 'यू नीड नॉट कम' किंवा 'यू डोन्ट हॅव टू कम' लिहा.

दुसरी पायरी: मोडल निवडा, म्हणजे कॅन, मस्ट, मे यांसारखं साहाय्यक क्रियापद. इंग्रजीत नॉट मोडलच्या नंतरच बसतो, त्यामुळे जागेवरून अर्थ कळत नाही. तो मोडलवर अवलंबून असतो. कॅन, कुड आणि नीड यांच्याबरोबर नॉट त्या मोडललाच खोडतो: 'कॅनॉट गो' म्हणजे जाणं शक्य नाही, 'नीड नॉट गो' म्हणजे गरज नाही. मस्ट, शुड, माइट यांना मात्र तो हात लावत नाही, पुढच्या क्रियापदाला खोडतो. 'मस्ट नॉट गो' मध्ये सक्ती शाबूत आहे, ती न जाण्याची आहे, एवढंच. 'माइट नॉट कम' मध्ये शक्यता शाबूत आहे, न येण्याची.

मे दोन्हीकडचा आहे. 'व्हेइकल्स मे नॉट क्रॉस द ब्रिज' याचे दोन अर्थ निघतात: वाहनांना परवानगी नाही, किंवा वाहनं कदाचित जाणार नाहीत. सूचनाफलकावर हा घोळ नकोच, सरळ 'मस्ट नॉट' घाला.

अंदाज सांगणारा मस्ट आणखी वेगळा. 'तो घरीच असणार' याला 'ही मस्ट बी ॲट होम'. पण 'तो घरी असणं शक्यच नाही' म्हणायचं तर 'मस्ट नॉट' चालवू नका. तिथे कॅन लागतो: 'ही कान्ट बी ॲट होम'.

तिसरी पायरी: क्रियाविशेषण बसवा. सगळ्यात जास्त गफलती इथे होतात, पण नियम सोपा आहे. नॉटच्या डावीकडचं क्रियाविशेषण नकारातून सुटतं, उजवीकडचं बहुधा नकाराच्या कचाट्यात सापडतं. 'यू जस्ट कान्ट लीव्ह' म्हणजे तुम्हाला मुळीच जाता येणार नाही. 'यू कान्ट जस्ट लीव्ह' म्हणजे असं नुसतं उठून जाता येणार नाही, आधी काहीतरी उरकायला हवं. 'आय पॉसिब्ली कान्ट कम' म्हणजे कदाचित जमायचं नाही, तर 'आय कान्ट पॉसिब्ली कम' म्हणजे येणं शक्यच नाही. पहिल्यात आशेला जागा आहे, दुसऱ्यात दार बंद.

हेच काम मराठीत 'च' आणि 'असं नाही' करतात. 'एसटी नेहमीच वेळेवर सुटेल असं नाही' यातल्या 'नेहमीच'वर नकार आहे, म्हणून ऑलवेज नॉटच्या उजवीकडे: 'द बस मे नॉट ऑलवेज लीव्ह ऑन टाइम'.

प्रॉबब्ली मात्र नकाराखाली जायला तयार नसतो, कारण तो पूर्ण वाक्याबद्दल बोलणाऱ्याचा अंदाज सांगतो. 'द वॉटर विल प्रॉबब्ली नॉट राइज' बरोबर. वोन्ट असं जोडरूप घेतलंत तर विल आणि नॉट चिकटतात, मधे फट उरत नाही, म्हणून प्रॉबब्ली आधी येतो: 'प्रॉबब्ली वोन्ट राइज'. 'वोन्ट प्रॉबब्ली राइज' कानाला खटकतं.

चौथी पायरी: नकार दोनदा झालाय का ते तपासा. मराठीत 'कधीच'ला 'नाही' लागतोच: 'मी कधीच येणार नाही'. इंग्रजीतल्या नेव्हरच्या पोटात तो आधीच आहे. 'आय विल नेव्हर नॉट कम' लिहिलंत की अर्थ उलटतो, न येणं कधीच होणार नाही, म्हणजे दर वेळी येणार! हार्डलीचंही तसंच: 'आय कॅन हार्डली हिअर यू' पुरे, तिथे कान्ट नको. आणि 'मलाही जमणार नाही'मधल्या 'ही'साठी ऑल्सो न वापरता शेवटी 'आयदर' घाला: 'आय कान्ट कम आयदर'.

पाचवी पायरी 'शकेन'साठी. शकणे हे मराठी क्रियापद काळाप्रमाणे वळतं: शकतो, शकलो, शकेन. कॅनला असा भविष्यकाळ नाही आणि प्रमाण इंग्रजीत दोन मोडल शेजारी बसत नाहीत, त्यामुळे 'आय विल नॉट कॅन कम' बाद. लिहायचं 'आय विल नॉट बी एबल टू कम', आणि अंदाज असेल तर 'विल प्रॉबब्ली नॉट बी एबल टू'.

लिहिताना कॅनॉट एका शब्दात. बोलताना कान्टमधला शेवटचा ट पुष्कळदा गिळला जातो, त्यामुळे फोनवर 'आय कॅन कम' आणि 'आय कान्ट कम' यांत गल्लत होते. होकारात कॅन हलका, जवळजवळ 'कन' असा म्हणावा आणि जोर पुढच्या क्रियापदावर द्यावा, नकारात कान्टवरही द्यावा. मस्ट नॉटचं जोडरूप मसन्ट, त्यात पहिला ट म्हणतच नाहीत. पुराच्या सूचनेत ही जोडरूपं टाळा आणि नॉट वेगळा, ठळक लिहा: 'यू मस्ट नॉट क्रॉस द ब्रिज'.