जर्मनीला शिकायला चाललाय? पहिले दोन महिने कसे काढायचे ते सांगतो

यंदा आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतनंच तीन पोरं ऑक्टोबरच्या सेमिस्टरला जर्मनीला चाललीत आणि तिघांच्याही आया मला रस्त्यात गाठून एकच विचारतात, तिथं जेवणाचं काय रे? जेवणाचं सांगतोच, पण आधी कागदांचं सांगू द्या. उपाशी कोणी राहत नाही तिथं, पण एक कागद अडला की स्वतःचेच पैसे हातात येत नाहीत. मी दोन वर्षं तिकडं मास्टर्सला होतो. पहिले दोन महिने जे कळायला लागलं ते कोणीतरी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं लई वेळा वाटलं, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

सगळ्यात आधी पत्ता. रूम मिळाली की घरमालकाकडनं सहीचा कागद घ्यायचा, की हा माणूस अमुक तारखेपासनं माझ्याकडं राहतोय. तो घेऊन दोन आठवड्यांच्या आत तिथल्या महापालिकेच्या ऑफिसात नाव नोंदवायचं, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. बाकी सगळं ह्याच्यावर लटकलेलं असतं. बहुतेक बँका खातं उघडायला हा कागद मागतात, खातं उघडल्याशिवाय ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे खर्चासाठी आधीच भरून ठेवलेले आणि दर महिन्याला थोडे थोडे मिळणारे, पैसे सुटत नाहीत, टॅक्सचा नंबर ह्याच पत्त्यावर पोष्टानं येतो, आणि व्हिसा संपायच्या आत राहायचं परमिट काढायचं त्यालाही हाच लागतो. परमिटच्या ऑफिसची अपॉइंटमेंट कधीकधी दोन-तीन महिन्यांनी मिळते, म्हणून पोचल्या पोचल्या मेल टाकायचा आणि तो मेल जपून ठेवायचा.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून जायचं असतं हे तुम्हाला एव्हाना माहिती असेलच, २०२४ पासनं हा आकडा झालाय. त्यातले महिन्याला ९९२ च मिळतात, आणि तेही खातं चालू झाल्यावर. मग पहिले तीन-चार आठवडे खायचं काय आणि रूमचं डिपॉझिट कुठनं द्यायचं? डिपॉझिट कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं घेता येतं, म्हणजे रक्कम मोठी असते. म्हणून फॉरेक्स कार्डावर वेगळे पैसे घेऊनच निघा. घरच्यांना हे आधी समजावून सांगा, कारण एवढं लोन काढलं, एवढे पैसे भरले, आता परत कशाला असं त्यांना वाटणार आणि त्यांचंही बरोबरच आहे. आणि रूम न बघता, करार हातात नसताना कोणालाही पैसे पाठवू नका. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे असेच दोन महिन्यांचे पैसे गेले, फोटोतली खोली दुसऱ्याच कोणाची तरी होती. हॉस्टेलला अॅडमिशन लेटर यायच्या दिवशीच अर्ज टाका, तिथं वेटिंग लांबलचक असतं.

आता एक बारीक गोष्ट, पण माझं सगळ्यात जास्त नुकसान हिनंच केलं. आपल्या पेठेत पाकिटावर आडनाव आणि तालमीचं नाव असलं तरी पत्र घरी येतं. तिकडं बिल्डिंगच्या खाली पत्रपेट्यांची रांग असते, प्रत्येकीवर बोटभर पट्टी, त्या पट्टीवर तुमचं आडनाव नसेल तर पोष्टमन पत्र परत नेतो, तुम्ही वरच्या मजल्यावर बसलेले असलात तरी. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं, मला वाटलं बदलेल कोणीतरी. बँकेच्या कार्डाचं पाकीट परत गेलं, विम्याचं गेलं, तीन आठवडे हातात कार्ड नाही. शेवटी वहीचा कागद फाडून, त्यावर आडनाव लिहून सेलोटेपनं चिकटवलं आणि दोन दिवसांत पहिलं पत्र आलं. त्यामुळं रूमवर बॅगा टाकल्या की पहिलं काम हे, पेटीवर पण आणि बेलवर पण. आणि आलेलं प्रत्येक पत्र उघडायचं, समजलं नाही तर भाषांतराच्या अॅपनं फोटो काढून वाचायचं. तिकडं अजून सगळं कागदावर चालतं. रेडिओ-टीव्हीच्या फीचं पण पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावी लागते, पण एका घराला एकदाच, म्हणजे चौघं राहत असाल तर चौघांत वाटून घ्या.

विम्याचं थोडक्यात. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी पद्धतीचा विमा विद्यार्थ्यांच्या दरानं मिळतो, तोच घ्या, स्वस्तातला खाजगी बघू नका, नंतर सरकारीत परत यायला लई त्रास होतो. तातडीला ११२, आणि दवाखाने बंद असताना साधं ताप-पोटदुखी असेल तर ११६११७. दोन्ही नंबर आजच सेव्ह करा.

कॉलेजचं आपल्यापेक्षा फारच वेगळं आहे. वेळापत्रकात दहा वाजता लिहिलंय आणि पुढं सी.टी. असं असेल तर लेक्चर सव्वादहाला चालू होतं, एस.टी. असेल तर दहाला म्हणजे दहालाच. बऱ्याच विषयांना हजेरी नसते, मग पोरं पहिला महिना निवांत राहतात आणि तिथंच फसतात, कारण इंटर्नल, सबमिशन असलं सांभाळून घेणारं काही नसतं, कितीतरी विषयांत शेवटचा एक पेपर म्हणजे सगळे मार्क. त्या पेपरला बसायचं तर पोर्टलवर ठरलेल्या मुदतीत स्वतः नाव नोंदवावं लागतं. मुदत गेली की गेली, क्लार्कला भेटून, विनंती करून काही होत नाही. १.० म्हणजे सगळ्यात भारी आणि ४.० ला पास, हे घरी आधीच सांगून ठेवा.

कामाचं विचारतात सगळे. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. डिपार्टमेंटमधलंच काम मिळालं, त्याला हिवी म्हणतात, तर ते सगळ्यात चांगलं, प्रोफेसरला नोटीस लागायची वाट न बघता सरळ मेल टाका. पण पहिल्या सेमिस्टरला कामाच्या मागं लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. आपल्याकडं घरातनं बाहेर पडलं की कट्ट्यावरचा कोणीतरी विचारतोच, काय भावा, कुठं चाललास, जेवलास काय. तिकडं असं कोणी स्वतःहून विचारत नाही. माणसं वाईट नाहीत, मदत मागितली तर काम टाकून दाखवतील, पण न मागता दुसऱ्याच्या भानगडीत पडायचं नाही अशी तिथली रीत आहे. हे मला कळायला नोव्हेंबर उजाडला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं जातात, डिसेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो, आणि त्या अंधारात रूममध्ये एकटं बसून घरचे फोटो बघत बसलात की माणूस खचतो. मी खचलो होतो. आठ-दहा दिवस नुसत्या ब्रेडवर काढले, आईला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगत होतो.

मला बाहेर काढलं फुटबॉलनं. बहुतेक युनिव्हर्सिट्यांचा स्पोर्ट्सचा विभाग असतो, सेमिस्टरची फी अगदी थोडी. तिथल्या ग्राउंडच्या जाळीपाशी मी दोन गुरुवार नुसता बघत उभा राहिलो, शाहू स्टेडियमवर लहानपणी उभा राहायचो तसा, आणि कोणी बोलावलंच नाही. तिसऱ्या गुरुवारी मोडक्या जर्मनमध्ये मीच विचारलं, मला घेता का? एकानं लगेच पिवळं जॅकेट फेकलं अंगावर आणि लेफ्ट बॅकला उभं केलं. त्या टीममधल्या दोघांनीच पुढं मला परमिटचा फॉर्म भरून दिला, सायकल मिळवून दिली, आणि माझी भाषाही त्यांच्यातच सुधारली. तुम्हाला फुटबॉल नसेल आवडत तर गाणं, स्वयंपाक, भाषेची जोडी (त्यानं तुम्हाला जर्मन शिकवायचं, तुम्ही त्याला आपली भाषा), काहीही चालेल, पण विचारायचं आपणच. मन फारच जड झालं तर विद्यार्थ्यांसाठी फुकट समुपदेशन असतं, तिथं जायला लाजू नका. आणि निघायच्या आधी जर्मनची ए-वन, म्हणजे पहिली पातळी, तरी करून जा, कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी पत्रं आणि शेजारी जर्मनच असतात.

आता जेवण. आईला सांगा, पेढे, खवा, तूप आणि मटणाचं लोणचं बॅगेत भरू नको, बाहेरनं दुधाचे आणि मटणाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. चटणी मात्र न्या, आपली कांदा-लसणाची, दोन पिशव्यांत बांधून डब्यात, चेक-इनच्या बॅगेत. लहान कुकर न्या. तांदूळ-डाळ तिकडं मिळते, ओझं करू नका. जाड जॅकेट पण तिकडंच घ्या, इथलं तिथल्या थंडीला पुरत नाही. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामुळं शनिवारी रात्री पोचणार असाल तर एक दिवसाचं खायचं सोबत ठेवा. दुपारी कॅन्टीनला, म्हणजे मेन्साला, विद्यार्थ्यांच्या दरात जेवायचं, रात्री रूमवर.

फोडणी टाकताना खिडकी सताड उघडायची आणि किचनचं दार लावून घ्यायचं, कारण छताला धुराचा अलार्म असतो आणि मिरची करपली की सगळा मजला बाहेर येतो. मी पहिल्यांदा तांबडा रस्सा केला तेव्हा वासानं शेजारचा पोरगा दारात येऊन उभा राहिला, पण विचारेना. मीच म्हटलं, ये की, बस. दोन वाट्या प्यायला, नाक पुसत पुसत. त्यानंतर दर रविवारी आमच्याकडं दोघांचा स्वयंपाक व्हायला लागला. त्यामुळं चटणी न्याल ती अर्धा किलो जास्तच न्या.