पॉवर सप्लायचं जॉब: स्विच दाबण्याआधी या चुका टाळा

आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडला ७८१२ (आउटपुट १२ व्होल्टला स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आयसी) वापरून १२ व्होल्टचा सप्लाय बनवण्याचं जॉब (प्रात्यक्षिक काम) कुणाला टळत नाही. ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा चार डायोडचा ब्रिज, एक मोठा कंडेन्सर आणि तीन पायांचा आयसी, एवढाच पसारा. तरी आयसी जळतो, दुसरा लावला की तोही जळतो, आणि मग 'दुकानदाराने डुप्लिकेट दिला' असं ठरतं. आयसी बहुधा चांगलाच असतो. चूक त्याच्या अलीकडे झालेली असते.

पहिली गफलत ट्रान्सफॉर्मरवर छापलेल्या आकड्याची. १२ व्होल्ट ही आरएमएस, म्हणजे एसीची प्रभावी किंमत. कंडेन्सर चार्ज होतो तो शिखरापर्यंत: १२ गुणिले १.४१४ म्हणजे १७, त्यातून ब्रिजच्या दोन डायोडचे १.४ वजा केले की १५.६ व्होल्ट. लोड नसताना आणि मेन्स (सॉकेटमधून येणारा एसी पुरवठा) चढलेलं असताना ते याहून वर जातं. तिथे १६ व्होल्टचा कंडेन्सर लावला तर तो फुगणारच. किमान २५ व्होल्टचा घ्या.

बाजारात सहज मिळतो तो १२-०-१२. काहीजण मधली वायर मोकळी सोडून दोन्ही टोकं ब्रिजला देतात. मग २४ व्होल्टचे साडेबत्तीस डीसी होतात, आणि ७८१२ च्या इनपुटची कमाल मर्यादा आहे ३५. मेन्स जरा चढलं की आयसी गेला. मधली वायर आणि एकच टोक वापरा.

'लोड लावला की आउटपुट पडतं, स्पीकरला घूं आवाज येतो' ही तक्रार मात्र कंडेन्सरच्या मायक्रोफॅरडची. हिशेब सोपा आहे: करंट भागिले १०० हर्ट्झ, भागिले कपॅसिटन्स. अर्धा अँपिअर ओढला आणि कंडेन्सर १००० मायक्रोफॅरडचा असला तर रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) येतो ५ व्होल्ट. म्हणजे १५.६ चे दर अर्ध्या सायकलला १०.६ होतात. ७८१२ ला आउटपुटपेक्षा निदान २ व्होल्ट जास्त, म्हणजे १४ तरी लागतात. खाली गेलं की तो रेग्युलेट करणं सोडतो. २२०० मायक्रोफॅरड घातले तरी १२ व्होल्टच्या वाइंडिंगवर गणित काठावरच राहतं. अर्धा अँपिअर सतत हवा असेल तर १५ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणि २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कंडेन्सर घ्या. ट्रान्सफॉर्मर दुप्पट अँपिअरचा अशासाठी, की डायोड शिखराजवळच चालू होतात आणि तेवढ्या वेळात करंटचे मोठे झटके ओढतात.

याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. या जोडणीत आयसीवर सुमारे सव्वातीन वॅट जळतात. हीट सिंकशिवाय तो वॅटभर कसाबसा सोसतो, पुढे आतलं थर्मल शटडाउन त्याला बंद करतं. थोडा वेळ चालतो, बंद पडतो, गार झाला की पुन्हा चालतो, असा सप्लाय दिसला तर आयसी बदलू नका, हीट सिंक लावा.

ड्युअल सप्लायमध्ये (पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही १२ व्होल्ट देणाऱ्या) आणखी एक सापळा आहे. ७८१२ चे पाय छापील बाजूने डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. त्याचा निगेटिव्ह जोडीदार ७९१२, त्याचे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. पाठीचा पत्रा ७८१२ ला ग्राउंडला, तर ७९१२ ला इनपुटला जोडलेला असतो. दोन्ही एकाच हीट सिंकवर नुसते कसले की निगेटिव्ह इनपुट थेट ग्राउंडला शॉर्ट. अभ्रकाचा वॉशर आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश हवाच. कसल्यावर पत्रा आणि हीट सिंक यांच्यात कंटिन्युइटीचा बीप येता कामा नये.

पट्ट्याचाही घोळ होतो. ब्रिजच्या ज्या टोकाला दोन डायोडचे पट्टे एकत्र येतात, ते पॉझिटिव्ह. कंडेन्सरवरचा पट्टा मात्र निगेटिव्ह पायाचा. 'पट्ट्याला पट्टा' जोडणाऱ्याचा कंडेन्सर उलटा बसतो, तापतो आणि डोकं फाटून उडतो. पहिल्यांदा चालू करताना त्यावर वाकून पाहू नका.

सोल्डरिंगबद्दल एवढंच: बिट (सोल्डरिंग आयर्नचं टोक) पॅड आणि पाय दोघांना टेकवा, दोन-तीन सेकंदांनी सोल्डर वायर सांध्याला लावा, बिटला नव्हे. बिटवर वितळवून आणलेल्या थेंबातलं फ्लक्स वाटेतच जळतं आणि ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) होतं.

पहिला स्विच सिरीज बोर्डमधून द्या, म्हणजे मेन्सच्या वाटेत सिरीजमध्ये ४० वॅटचा साधा फिलामेंट बल्ब लावून. जॉब ठीक असेल तर बल्ब क्षणभर तांबूस होऊन विझतो. पेटलेलाच राहिला तर बंद करा, डायोड आणि कंडेन्सर तपासा. एलईडी बल्ब इथे उपयोगाचा नाही.

करंट मोजून झाला की मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकातून आधी काढा. ती तिथेच ठेवून २३० व्होल्ट मोजायला गेलात तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूजही नसतो.

एसएमपीएसवर (मेन्सचं थेट डीसी करून वेगाने स्विचिंग करणारा सप्लाय) काम सुरू झालं की धोका वेगळा. सीआरओच्या (ऑसिलोस्कोपच्या) प्रोबची काळी क्लिप अर्थला जोडलेली असते. ती प्रायमरीच्या (मेन्सशी थेट जोडलेल्या बाजूच्या) निगेटिव्हला लावली की स्फोट. त्यावर अर्थची पिन कापण्याचा 'उपाय' केला तर सीआरओची बॉडीच लाइव्ह होते. एसएमपीएसला सप्लाय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरून (मेन्सपासून वेगळं करणाऱ्या) द्या, पण लक्षात ठेवा, त्याच्या पुढे ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती करंट दिसताच तोडणारा स्विच) तुम्हाला वाचवत नाही. प्रायमरीच्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही टिकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स पाच-दहा सेकंद धरून तो रिकामा करा, मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हर आडवा घालून नव्हे.

कुणाला शॉक बसलाच, तर आधी मेन स्विच. तोवर माणसाला हात लावायचा नाही. पडलेल्याला पाणी पाजणं, तळवे चोळणं, वाळूत झोपवणं यात मोलाची मिनिटं जातात. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद बघा, श्वास बघा, दहा सेकंदांत. अधूनमधून येणारी आचक्यासारखी धाप म्हणजे श्वास नव्हे. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने जमिनीवरच सीपीआर (छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवणं) सुरू करायचा: छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, ३० दाबांनंतर दोन श्वास. श्वास देणं शिकलेले नसाल तर नुसते दाब चालू ठेवा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. थकल्यावर नेमकं हेच सुटतं, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. आणि उठून 'काही नाही झालं' म्हणणाऱ्यालाही ईसीजीला न्या. बाहेरून दिसणारा फोड लहान असतो, पण करंट छातीतून गेला असेल तर हृदयाची लय बिघडलेली असू शकते.