उन्हाने सुकलेल्या कोंबडीला मीठ-साखरेचे पाणी देताना

उन्हाळ्यात धापा टाकून अंगातले पाणी गमावलेल्या कोंबडीला घट्ट गूळपाणी पाजण्याची पद्धत मला घातक वाटते, कारण दाट गोड द्रावण शरीरातले उरलेसुरले पाणीच आतड्यात ओढून घेते आणि हगवण वाढते. लहान आतड्याच्या अस्तरातील एक वाहक प्रथिन ग्लुकोजच्या 1 रेणूबरोबर सोडियमचे 2 आयन आत घेते व त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. म्हणून मीठ आणि साखर दोन्ही हवीत, पण सौम्य प्रमाणात. शिवाय कोंबडीला मूत्राशय नसते. तिचे मूत्र अवस्करातून, म्हणजे मूत्र-विष्ठेच्या सामाईक पोकळीतून, उलटे मोठ्या आतड्यात जाते आणि तेथे त्यातील मीठ व पाणी पुन्हा शोषले जाते. त्यात वरून अंदाजाने मीठ घालणे, विशेषतः पिलांच्या बाबतीत, जिवावर बेतू शकते.

पशुवैद्यकांनी सुचवलेली इलेक्ट्रोलाइट, म्हणजे शरीराला लागणाऱ्या क्षारांची, पावडर पाकिटावरील मात्रेतच थंड पाण्यात मिसळावी, शेजारी साध्या पाण्याचे भांडे अवश्य ठेवावे आणि उरलेले द्रावण रोज फेकून द्यावे, कारण ते उन्हात लवकर आंबते. मान टाकलेल्या कोंबडीच्या चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.